राहीच्या उजव्या पायातला वाळा

मी वाळा बोलतोय. लोक चांदीचा म्हणतात, पण माझ्यात चांदी किती आणि भेसळ किती हे सोनारालाही नीट सांगता यायचं नाही. शाळेचं म्हणाल तर राही पहिल्यांदा शाळेत जायला लागली, तेव्हा तिच्या पायात बसून जेवढं कानावर पडलं तेवढंच माझं शिक्षण. म्हणून गोड बोलायला मला जमत नाही. जे झालं ते सांगतो. त्यात माझं चुकलं तेही सांगतो. मधेच कोणी 'बिचारा वाळा, निर्जीव वस्तू, त्याचा काय दोष' असं म्हणू नका. मला त्याचा राग येतो.

रत्नागिरीच्या खाडीकाठी माडांच्या वाडीत गोदूबाईचं घर. नवरा लवकर गेलेला. एकच मुलगा, दादू, तो आगबोटीवर खलाशी. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, तेवढे चार महिने तो घरी. बाकी वर्षभर घरात गोदूबाई आणि सून मथुरा, दोघीच. मथुरेची तीन पोरं एकामागून एक गेली. एक पाचवी पुजायच्या आत, एक गोवरानं आणि एक चांगलं रांगायला लागलेलं. मग राही झाली.

ज्या घरात पोरं जगत नाहीत त्या घरात आमच्याकडे एक करतात. हे पोर आमचं नाहीच, कोणाकडून तरी मागून आणलंय, असं दाखवायचं. त्यात कोणाला फसवायचं असतं, देवाला का मरणाला, ते मला आजही कळलेलं नाही. पण फसवायचं म्हणजे पोराच्या अंगावरची वस्तूही मागून आणलेली हवी. म्हणून खाऊनपिऊन बरी असलेली गोदूबाई पाच दारी गेली आणि तिनं पदर पसरला. एकीनं तुटकं जोडवं घातलं, एकीनं कुंकवाच्या करंड्याचं झाकण. एकीनं बोटातलं वेढणं काढून दिलं आणि दिल्यावर आठ दिवस कुरकुर केली. त्या सगळ्याचा मी झालो. पाच घरची भांडणं एका कड्यात ओतल्यावर स्वभाव कसा असायचा?

नवस असा, की पोर जगली तर बारा वर्षं हा वाळा तिच्या एकाच पायात राहील. मधे जोड उघडायचा नाही. बारा वर्षांनी देवीला वाहायचा, आहे तसा, अखंड.

बाबल्या सोनार ऐरण घेऊन घरीच आला. पोर तेव्हा दोन वर्षांची.

"गोदूकाकी, कुठल्या पायात?"

"उजव्या. देवीनं हात लावलाय तोच पाय."

राहीच्या उजव्या पायावर जन्मापासून डाग होता. कोकमाचं आगळ सांडून वाळावं तसा, जांभळट लाल, मांडीपासून पार टाचेपर्यंत. आणि तो पाय डाव्यापेक्षा अंमळ भरलेला होता. बाबल्याच्या ते नजरेत आलं. मापं घेऊनच त्याची हयात गेलेली.

"काकी, हा पाय मोठा दिसतो. डाव्यात घालूया."

"तू सोनार काय वैद्य? घाल मेल्या, मुहूर्त टळतोय."

घातला. पोर वाढणार म्हणून त्यानं मला चांगला मोठा केला होता, आणि पायातून निसटू नये म्हणून आत चिंधी गुंडाळली. डाव्या पायात असतो तर बारा वर्षं सहज पुरलो असतो. बाबल्याचं काम चोख होतं.

आणि मी? डागाच्या पायात घालताहेत म्हटल्यावर मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. देवीनं हात लावलेला पाय, म्हणजे आपला मान मोठा असं वाटलं. वाडीतल्या बायका पोरीला उचलून घ्यायच्या त्या आधी मला हात लावून. पोर जगली ती माझ्यामुळे असं जो तो बोलायचा. मीही ते खरं धरून चाललो.

राही चालायला जरा उशिरा लागली, पण लागली. अंगणात जांभ्याची पायरी होती, तिच्यावरून उतरताना मी टणकन वाजायचो. ती मुद्दाम तिथेच चढ-उतर करायची. चिंचेच्या बुटकानं मला घासायची. घासता घासता माझ्याशी बोलायची, "तुला आंघोळ नको काय रे?" माझ्याशी कोणी असं बोललेलं नव्हतं.

ती चार वर्षांची झाली तेव्हा मथुरेनं आतली चिंधी काढली. मी अंगाला लागायला लागलो होतो. पुढच्या वर्षी माझ्यात नि पायात बोट जाईना. सकाळी उठल्यावर जरा ढिलाई वाटायची. दिवसभर पोर उभी राहिली, खेळली, की संध्याकाळी पाय तट्ट. पाऊल भाकरीच्या गोळ्यासारखं. डागावर निळ्या शिरा गाठी मारल्यासारख्या वर आलेल्या. हे मी रोज बघत होतो. दुसरं कोणी माझ्याइतक्या जवळून बघत नव्हतं. पाय फुगला की मी त्यात रुततो, आणि मी रुतलो की पाय आणखी फुगतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी स्वतःची समजूत काय घातली? पोर जगलीय ना, मग थोडं सोसायला हरकत नाही.

सोसत ती होती. मी नव्हे.

शेजारच्या सगुणाकाकीनं पाहिलं नि गालावर हात ठेवला. "गोदूबाय, ह्यो हत्तीपाय हो! आमच्या जाऊच्या भावाचा अस्साच."

गोदूबाई घाबरली. हत्तीपाय म्हटल्यावर पोरीला कोण करणार? तिनं उपाय सुरू केला. तेल कडकडीत तापवायचं आणि पाय खसाखसा रगडायचा, पिळून पाणी काढल्यासारखा. वर गरम विटेचा शेक. राही ओरडायची. मथुरा चुलीपुढे तोंड फिरवून बसायची. एकदा डागावरचा बारीक फोड फुटला आणि रक्त थांबता थांबेना. सगळं ओघळून माझ्यावर आलं. तेव्हा मथुरा पहिल्यांदा सासूला बोलली.

"आता पुरे. मी दवाखान्यात नेतंय हिला."

"नवऱ्याला न इचारता?"

"नवरा दर्यावर हाय. तिथं जाऊन इचारू?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय नीट पाहिला, दोन्ही पायांची मापं घेतली. ते म्हणाले, "हा हत्तीपाय नाही. हिच्या पायातल्या रक्ताच्या नळ्या आईच्या पोटातच वाकड्यातिकड्या झाल्यात. औषध नाही, कापायचं तर मुळीच नाही. पण सांभाळला तर चालेल हा पाय. रगडायचा नाही, शेकायचा नाही. उशीवर टेकवून उंच ठेवायचा, हलक्या हातानं चोळायचा, पट्टी बांधायची. आणि हे पहिलं काढा." 'हे' म्हणजे मी. त्यांनी पेन्सिलीचं टोक माझ्यावर टेकवलं. मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू.

पट्टी कशी बांधायची ते शिकवायला त्यांना सवड नव्हती. ते म्हणाले, "तुमच्याच गावाबाहेरच्या वाडीत लवू म्हणून आहे, पलटणीतून आलेला. जर्मन लढाईत इराकातल्या बसऱ्याच्या इस्पितळात दोन वर्षं हेच करत होता. त्याला गाठा."

आता हा लवू कोण, तर ज्यांची सावली पडली तर गोदूबाई आंघोळ करायची, त्यातला. उंच, वाळका, पायांना अजून पलटणीच्या लोकरी पट्ट्या गुंडाळून फिरायचा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, एकसारख्या, एक घडी इकडची तिकडे नाही. मथुरेनं निरोप धाडला नि तो आला. अंगणाच्या कडेला, आंब्याखाली उभा राहिला.

"तिथनंच सांग काय ता," गोदूबाई ओटीवरून म्हणाली. "पोरीला हात लावायचा नाय."

लवू हसला. "बसऱ्याला गोऱ्या सायबाचे पाय बांधले मी. तो नाय कधी म्हणाला, लवू, तिथनंच बांध."

"तो साहेब. त्याला धर्म नाय."

"व्हय, पण त्याला पाय व्हते." आणि मथुरेकडे वळून म्हणाला, "बाय, एक केळीचा गाभा आणा. आणि पिकलेला आंबा असला तर एक."

हात लावायचा नाही म्हणून त्यानं गाभ्यावर शिकवलं. गाभा स्वतःच्या मांडीवर घेऊन अंगणात बसला, आणि मथुरा पायरीवर राहीचा पाय मांडीवर घेऊन. मधे दहा हात जागा. तो गाभ्यावर हात फिरवायचा, ती पायावर.

"आधी आंबा हातात घ्या, बाय. पिकलेल्या हापुसावरनं बोटं फिरवा. खळगा पडला तर तुमचा हात जड. पडता नये."

पहिले आठ दिवस मथुरेनं नुसते आंबे चोळले. गोदूबाई म्हणायची, "पायाचं राहू दे, आमरस तरी होईल."

मग पायावर. लवू सांगायचा, "खालनं सुरू करू नका. माडाच्या आळ्याला पाणी लावता तेव्हा पुढचा पाट आधी मोकळा करता ना? तसा आधी जांघेपाशी हात फिरवा. मग मांडी. मग गुडघा. मग पोटरी. पण दर बारीला हात वरतीच जायला हवा. खाली घासत आणायचा नाय. कातडी नुसती सरकली पायजे, मांस नाय." मग पट्टी. त्याच्या लोकरी पट्ट्या पोरीच्या कातडीला टोचल्या असत्या, म्हणून मथुरेनं आपलं धुवून धुवून मऊ झालेलं लुगडं फाडलं. बोटांपासून सुरुवात, खाली जरा घट्ट, वर जाईल तसं सैल. रात्री पाय भाताच्या तुसाच्या लोडावर. आणि भरतीच्या वेळी खाडीत कमरेएवढ्या पाण्यात चालायचं. "पाणी सगळ्या बाजूंनी सारखं दाबतं," लवू म्हणायचा, "त्याच्याहून बरी पट्टी मला पण बांधता येत नाय."

राहीला खाडीतलं चालणं फार आवडायचं. पाण्यात पाय हलका लागायचा. आईनं पाय चोळायला घेतला की ती कधी कधी झोपून जायची. आधी ज्या पायाला हात लावला की किंचाळायची, तो पाय आता आपणहून पुढे करायची.

महिनाभरात मांडी उतरली. गुडघ्याला गुडघ्याचा आकार आला. पोटरी बरीच कमी झाली. आणि माझ्याखाली? तिथे काहीच हललं नाही. पाऊल तसंच तट्ट. मथुरेचा हात बोटांकडून वर यायचा आणि माझ्यापाशी अडायचा. पट्टी खालून वर यायची, माझ्यापाशी तुटायची, वरून पुन्हा सुरू व्हायची. माझ्या वरच्या अंगाला नि खालच्या अंगाला कातडीची वळी आली. मधे मी, खोबणीत बसलेला.

लवूनं आंब्याखालून ते पाहिलं. गाभा खाली ठेवला.

"बाय, ह्यो बांध मधे हाय तोवर तुमी जन्मभर चोळा. पाणी वर जायचं नाय. वाळा तोडा."

"नवसाचा हाय तो," मथुरा हळूच म्हणाली.

"मला ठाव हाय. तरी सांगतंय."

मथुरेनं सासूला विचारलं. गोदूबाईनं ओटीवर बसकण मारली. एकेक बोट मोडत तिनं गेलेली तीन नातवंडं मोजली. "त्यांच्या पायात काय नव्हतं. बघितलंस ना त्यांचं काय झालं? चौथीच्या पायातला काढू म्हणतेस?"

मथुरेचीच पोरं ती.

शेवटी गोदूबाईनं देवीचा कौल लावला. आमच्याकडे गुरव देवीच्या अंगावर डाव्या उजव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. गोदूबाईनं घातलेला प्रश्न असा: वाळा तोडू काय?

डावी पडली.

ती घरी आली, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. मलाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आज सांगतो. मी मनात म्हटलं, चला, आपण राहिलो. पोरीचा पाय माझ्या आत ठसठसत होता आणि मी म्हटलं, आपण राहिलो.

मग पावसाळा लागला. दादू घरी आला. त्यानं पाय पाहिला, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि जाळं विणायला बसला. आईपुढे बोलायची त्याची छाती नव्हती. श्रावण उतरता उतरता माझ्याखालची कातडी फुटली. आधी नुसती ओल. मग पू. राही कोणाला काही बोलली नाही. ती सहा संपून सातव्यात होती. शाळेत जाताना लंगडायची आणि कोणी विचारलं की "खडा टोचला" म्हणायची. चिंचेनं मला घासायचं तिनं सोडून दिलं होतं, तेवढंच.

एके दिवशी ती शाळेतून आली ती ओटीवरच आडवी झाली. अंगात सणकून ताप. पाय गुडघ्यापर्यंत लालबुंद, हात ठेवला तर भाजेल असा. मथुरा सवयीनं चोळायला बसली. दादू भर पावसात धावत जाऊन लवूला घेऊन आला. लवू आंब्याखालूनच ओरडला:

"हात काढा, बाय! तापल्या पायाला चोळायचा नाय, पट्टी नाय, काय नाय. नुसता उंच ठेवा. तो वाळा आज नाय निघाला तर परवा पाय काढावा लागेल. मी असले पाय बघितलेत. काढलेले पण बघितलेत."

सगळे गोदूबाईकडे बघायला लागले. दादू, मथुरा, अंगणातला लवू. राही पण. पोरीच्या डोळ्यांत ताप होता, पण ती बघत होती.

गोदूबाई उठली. खोपीतलं इरलं डोक्यावर घेतलं आणि पावसात गेली. मला वाटलं, देवळात गेली. घटकाभरानं ती परत आली ती बाबल्या सोनाराला घेऊन. त्याच्या काखेत हत्यारांची पिशवी.

"तोड," ती म्हणाली.

बाबल्या कचरला. "काकी, कौल डावा पडलाय. सगळ्या वाडीला ठाव हाय. माझ्यावर नको."

"वाळा तोडू काय, हा मी इचारलेला. नवस कोणी फेडायचा, हा नाय इचारला." तिनं इरलं ओटीवर टाकलं. "नवस माझ्या तोंडनं गेलाय. पोरीच्या नाय. तू तोड, आणि जोड माझ्या पायात. उरलेली वर्षं मी घालीन. देवीला काय घ्यायचं असेल ता माझ्याकडनं घेऊ दे."

बाबल्यानं हत्यार काढलं, पण मी इतका रुतलेला की माझ्यात नि कातडीत पातं जायला जागा कुठे? लवू बाहेरून म्हणाला, "पोफळीच्या विरीचा पातळ तुकडा तासा. वाळ्याखाली सरकवा, मग घासा." विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचं चिवट बूड. बाबल्यानं तुकडा सरकवून पाहिला. राही किंचाळली. मथुरेनं करून पाहिलं, तिच्यानं होईना. आंब्यावर शिकलेले हात, पण पोटच्या पोरीच्या जखमेत विरी सरकवणं निराळं.

गोदूबाईनं अंगणाकडे पाहिलं. "लवू, आत ये."

"येऊ?"

"ये म्हटलं ना."

तो पाय धुऊन आत आला. राहीपाशी बसला. आपण बिब्बाच असल्यासारखं अंग चोरून बसला, कोणाला धक्का लागू नये म्हणून. मग पोरीचा पाय त्यानं पहिल्यांदा हातात घेतला. दोन महिने गाभ्यावर फिरलेले ते हात. पाय त्यानं उंच धरून ठेवला, बराच वेळ, नुसता. फुगलेली वळी अंमळ बसली. मग एका बोटानं कातडी हळूच बाजूला सरकवून त्यानं विरी आत घातली, अशी, की राहीनं नुसता श्वास ओढला.

"शाब्बास," तो म्हणाला. "माझा एक पलटणीतला सोजिर ह्याच्या अर्ध्यात रडला व्हता."

"मोठा व्हता?" राहीनं विचारलं.

"मिशा व्हत्या त्याला."

बाबल्यानं मला दोन ठिकाणी घासून तोडला. माझे दोन तुकडे झाले. मला दुखलं का? वस्तूला दुखत नाही. पण माझ्या आतल्या बाजूला तिची कातडी चिकटून आली होती. ती मी पाहिली.

दवाखान्यातलं औषध, उकळलेलं पाणी, उंच ठेवलेला पाय. आठव्या दिवशी ताप उतरला. पाय राहिला. महिन्यानं मथुरेनं पुन्हा हलका हात फिरवायला सुरुवात केली, आणि तिचा हात पहिल्यांदा बोटांपासून जांघेपर्यंत न अडता गेला. मथुरा तेव्हा रडली. हुंदके देऊन, सासूसमोर.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी लवू घराबाहेर पडला आणि गोदूबाईनं माजघर शेणानं सारवून घेतलं. तो वाडीच्या बांधापर्यंतसुद्धा गेला नसेल. त्यानं मागे वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आला तो पुन्हा आंब्याखाली उभा राहिला. कोणी आत ये म्हटलं नाही, त्यानंही विचारलं नाही. तिथूनच म्हणाला, "ताप किती?" पोरीसाठी पाच दारची चांदी चालली होती. पाच दारांत त्याचं दार नव्हतं, नाहीतर तीही चालली नसती. अशा घरचा वाळा मी.

बाबल्यानं मला जोडून गोदूबाईच्या उजव्या पायात घातला. म्हातारीचा पाय काटकुळा, मी ढिला. पण जोडाला एक खरखरीत कड राहिली होती ती तिला लागायची. बाबल्या म्हणाला, घासून देतो. ती म्हणाली, नको, असू दे.

साडेसात वर्षं तिच्या पायात होतो. रोज पहाटे ओटीवर राहीचा पाय मथुरेच्या मांडीवर, पुढे पुढे राहीच्या स्वतःच्याच हातात. गोदूबाई बाजूला तांदूळ निवडत. एकदा तिनं विचारलं, "तेव्हा टोचायचा काय गो तुला?"

"टोचायचा."

"मग सांगितलं का नाय?"

राही पट्टी गुंडाळता गुंडाळता थांबली. "तो काढला तर मी मरन, असं तूच सगुणाकाकीला सांगत व्हतीस. मला वाटलं, मी मेले तर तू रडशील."

गोदूबाईनं सूप खाली ठेवलं. मी तिच्या पायात होतो. माझी खरखरीत कड तिनं घोट्यावर दाबून धरली. माझं जाऊ द्या.

बारा वर्षं भरली. सदतीस सालच्या शिमग्यानंतर गोदूबाई मला काढून, धुऊन, हळदकुंकू लावून देवळात घेऊन गेली. गुरवानं मला उलटासुलटा केला. दोन जोड त्याच्या नजरेत आले.

"गोदूबाय, ह्यो खंडित हाय. देवीला खंडित वस्तू चालत नाय."

मला वाटलं, म्हातारी रडेल, पाया पडेल. ती म्हणाली, "पोरीचा पाय अखंड हाय. तो देवीनं बघितलाय. तुला बघायचा नसेल तर ऱ्हाऊ दे." आणि मला ओच्यात टाकून घरी घेऊन आली. दुसऱ्या वर्षी ती गेली, साध्या तापानं, दोन दिवसांत.

आता मी मागच्या पडवीत खिळ्याला टांगलेला आहे. राही रोज पट्ट्या धुते, पिळते आणि माझ्यातून ओवून वाळत घालते. पडवीत वारा बरा लागतो. पट्ट्यांचं पाणी माझ्यावरून खाली ठिबकतं. राही पंधरा वर्षांची आहे. तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाडच आहे आणि जाडच राहणार. बरा झाला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो बरा होणारा पाय नाही, सांभाळायचा पाय आहे. घोट्यावर चारी बाजूंनी पांढरा वण आहे, माझ्या रुंदीचा. पाऊल संध्याकाळी अजून फुगतं, कारण वणाखालून पाणी नीट वर चढत नाही. तेवढं ती चोळते, रोज, आणि आयुष्यभर चोळणार. तेवढं माझं काम आहे. देवीचं नाही, नळ्यांचं नाही, माझं.

तिच्या लग्नाचं बोलणं चाललंय. मुलगा गलबतावर तांडेल आहे, पाय आधीच दाखवलाय, लपवलेला नाही. काल दादू मला खिळ्यावरून काढून हातात जोखत होता. बायकोला म्हणाला, "आईची आठवण हाय. वितळवून जोडवी करू राहीच्या पायात." राही आत होती. परवा बाबल्या येणार आहे.

मला तोंड असतं तर तिच्या पायात होतो तेव्हाच बोललो असतो असं म्हणायला मी मोकळा आहे, पण तेव्हा मला तोंड असतं तरी मी गप्पच बसलो असतो. मान मिळत होता. आज मात्र बोलतो. बाबल्या, तुझं काम चोख असतं. तू मला वाटी कर, चमचा कर, कुंकवाच्या करंड्याचं झाकण कर. पण त्या पोरीच्या पायात मला पुन्हा घालू नको. जोडवी लागत असतील तर दुसरी चांदी आण. आणि तीही बोटाला सैल ठेव, संध्याकाळच्या मापानं, सकाळच्या नाही.